सीरियलमधून कापलेली नात: 'बर्डसाँग'चं एक प्रकरण

आधी प्रकरण काय आहे ते सांगते, कारण वादाचा मुद्दा तसा छोटासाच आहे. १९९३ साली इंग्लंडमध्ये सेबॅस्टियन फॉक्सची 'बर्डसाँग' आली. पहिल्या महायुद्धावरची कादंबरी, तुफान खपली, ए लेव्हलच्या, म्हणजे तिकडच्या अकरावी-बारावीच्या, पोरांना अभ्यासाला लागली, २००३ मध्ये बीबीसीने वाचकांच्या मतांवर आवडत्या पुस्तकांची यादी केली त्यात तेराव्या नंबरवर होती. कादंबरीत दोन काळ आहेत. एक १९१० ते १९१८, म्हणजे स्टीफन रेसफर्ड, त्याचं फ्रान्समधल्या आमियाँ गावातलं प्रेमप्रकरण, मग खंदक, सॉम आणि मेसीनच्या लढाया, जमिनीखालची भुयारं. दुसरा १९७८-७९ चं लंडन, तिथे स्टीफनची नात एलिझाबेथ बेन्सन आजोबा कोण होते ते शोधत फिरते. २०१२ च्या जानेवारीत बीबीसीने याची दोन भागांची सीरियल केली, एडी रेडमेन होता स्टीफनच्या भूमिकेत, बघायला फार देखणी वगैरे. आणि त्यात नात नाहीच. अख्खी कापली.

कोणाला फारसं वाईटही वाटलं नाही. नातीची पानं कमजोर आहेत, खंदकातून बाहेर आलं की पुस्तकाची हवा जाते, ही तक्रार पुस्तक आलं तेव्हापासूनचीच. मी वर्गात शिकवते तेव्हा पोरंही ती पानं उडवून पुढे जातात, हे कळतं लगेच.

आता माझी पंचाईत बघा. माझा पीएचडीचा विषय समकालीन ब्रिटिश कादंबरीतली युद्धाची वारशाने आलेली आठवण. म्हणजे जो युद्धात नव्हताच, ज्याने काही बघितलं नाही, त्याच्याकडे ते युद्ध कसं पोचतं, आणि कादंबरीकार ते कसं दाखवतो. तर जो भाग सगळ्यांना फालतू वाटतो तोच नेमका माझा विषय, आणि खंदकातला जो भाग सगळ्यांना आवडतो तो माझ्यासाठी निव्वळ पार्श्वभूमी. गाइडचं म्हणणं साधं होतं, की इतकी कमजोर पानं घेऊन त्यावर थिअरीचा डोलारा का उभा करायचा, दुसरी कादंबरी घे की. मी घेतलीही दुसरी, त्यावर येतेच पुढे, पण ही सोडली नाही. कारण ती पानं कमजोर का झालीत याचं उत्तरच मला चॅप्टरमध्ये हवं होतं.

त्या पानांत नक्की होतं काय ते जरा नीट बघू. एलिझाबेथ अडतीस वर्षांची आहे, कपड्यांच्या एका छोट्या कंपनीत चांगल्या पदावर, एका लग्न झालेल्या माणसाबरोबर तिचं चालू आहे आणि तो ब्रसेल्सला असतो. १९१८ च्या शस्त्रसंधीला साठ वर्षं होतायत तो हा काळ. फ्रान्समधून जाताना ती सॉमच्या भागात थांबते आणि थिएपव्हालच्या कमानीपाशी जाते. ही कमान खरीच आहे बरं का, लट्येन्सने बांधलेली, तोच आपला दिल्लीच्या इंडिया गेटवाला, १९३२ मध्ये उद्घाटन झालं. सॉमच्या भागात मेलेल्या आणि ज्यांचे देह सापडले नाहीत किंवा ओळखता आले नाहीत अशा बहात्तर हजारांवर सैनिकांची नावं तिच्यावर कोरलीयत. एलिझाबेथला लांबून ते नुसते दगडावरचे ओरखडे वाटतात, जवळ गेल्यावर कळतं की ही नावं आहेत, आणि वर नजर जाईल तिथपर्यंत नावंच नावं. ती तिथल्या एका माणसाला विचारते, हे सगळे युद्धात मेलेले का. तो म्हणतो, नाही, हे फक्त न सापडलेले. ती विचारते, अख्ख्या युद्धातले? तो म्हणतो, नाही, फक्त इथल्या शेतांमधले. ती पायरीवर बसते, आणि मला कुणी सांगितलंच नाही असं म्हणते.

हा प्रसंग मला अजूनही आवडतो. अगदी खरं सांगायचं तर पुस्तकातला सगळ्यात चांगला प्रसंग हाच, सुरुंग आणि भुयारं धरून.

मग ती घरी येऊन आईच्या माळ्यावरून आजोबांच्या वह्या काढते, त्या वाचताच येत नाहीत कारण मजकूर ग्रीक अक्षरांत लिहिलेला. मैत्रिणीचा नवरा बॉब याला असल्या जुन्या लिप्यांचा नाद, तो बसून उलगडतो. आजोबांच्या पलटणीतला ब्रेनन नावाचा एक म्हातारा सैनिकांच्या आश्रमात सापडतो, तिला भेटतो, पण बोलतो ते धड सलग नाही. आणि शेवटी एलिझाबेथला मुलगा होतो, त्याचं नाव ती जॉन ठेवते, कारण स्टीफनने भुयारात मरायला टेकलेल्या जॅक फायरब्रेस या भुयारं खणणाऱ्या सैनिकाला शब्द दिला होता. जॅकचा जॉन नावाचा पोरगा लहानपणीच गेलेला असतो ना, त्याच्या जागी. म्हणजे साठ वर्षांनी कोणीतरी दुसऱ्याने दिलेला शब्द पाळते, तेही ज्याला दिला त्या माणसाला कधी न भेटता.

एवढं सगळं वाचल्यावर तक्रार काय, तर पटत नाही. आणि खरंच पटत नाही! १९७८ साली लंडनमधली शिकलेली अडतीस वर्षांची बाई, तिला माहीत नाही सॉमला काय झालं? १ जुलै १९१६ या एका दिवसात ब्रिटिश सैन्याचे ५७,४७० जण मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले, त्यात १९,२४० मृत. तिकडे जवळपास प्रत्येक खेड्यात युद्धस्मारक आहे, नोव्हेंबर आला की जो तो मेलेल्या सैनिकांच्या आठवणीत कोटाला पॉपीचं फूल लावतो, शाळेत त्या युद्धात मेलेल्या विल्फ्रेड ओवेनच्या कविता शिकवतात, १९६४ मध्ये बीबीसीने या युद्धावर सव्वीस भागांची मालिका केली होती आणि त्यात जिवंत सैनिकांच्या मुलाखती होत्या. एलिझाबेथ तेव्हा चोविसेक वर्षांची असणार. तिने टीव्ही कधी लावलाच नाही का? डॅन टॉडमनसारखे इतिहासकार तर उलट सांगतात, की त्या युद्धाची चिखल, मूर्ख जनरल आणि बळी गेलेली कोवळी पोरं ही जी प्रतिमा ब्रिटिश लोकांच्या डोक्यात आहे ती पुढच्या दशकांत पुस्तकं, नाटकं, टीव्ही यांनी घट्ट केली. तिथे माहिती कमी नाही, उलट नको इतकी आहे.

इथे माझ्या चॅप्टरची गाडी अडली होती, आणि अडली होती थिअरीमुळे. या विषयावर जो तो मारियान हर्शची पोस्टमेमरी वापरतो. हर्श मूळची रोमानियातली, ज्यू कुटुंबातली, नाझी काळातून वाचलेल्या आईवडिलांची मुलगी, पुढे अमेरिकेत कोलंबियाला प्रोफेसर. तिचं म्हणणं ढोबळमानाने असं: वाचलेल्यांच्या मुलांकडे आईबापांच्या आठवणी गोष्टी, फोटो, वागण्यातल्या खोडी यांतून इतक्या जोरात येतात की त्या जणू स्वतःच्याच वाटायला लागतात, स्वतःच्या आयुष्यावर त्यांची सावली पडते. हे दुसऱ्या पिढीचं झालं. मग तिने पुढे दोन प्रकार केले, एक घरातून येणारी आणि एक त्याच पिढीच्या बाकीच्यांपर्यंत आडवी पसरणारी.

आता हे एलिझाबेथला लावून बघा. लागतच नाही. ती नात, म्हणजे तिसरी पिढी. घरात आजोबांबद्दल कोणी बोलायचंच नाही. तिच्यावर कसली सावली वगैरे काही नाही, मजेत जगतेय, वय वाढतंय आणि मूल हवंय एवढीच चिंता. आठवण तिच्यावर येऊन आदळत नाही, तीच उठून तिच्या मागे जाते. बरं घरातली वंशावळसुद्धा तिला चुकीची माहीत. जिला ती आजी समजत होती ती जीन, पण तिच्या आईला जन्म देणारी इझाबेल, जीनची बहीण, स्टीफनचं पहिलं प्रेम. वारसा वारसा म्हणतो आपण आणि सातबाऱ्यावर नाव भलत्याचंच निघावं, तसं.

थिअरी लागत नाही म्हणून कादंबरी टाकायची की कादंबरी लागत नाही म्हणून थिअरी टाकायची? बरेच पेपर तिसराच मार्ग घेतात, दोन्ही ठेवतात आणि मधे 'एक प्रकारची पोस्टमेमरी' असं काहीतरी लिहून पुढे सरकतात. असले पेपर वाचून डोकं उठतं खरं सांगू तर.

म्हणून दुसरी कादंबरी. पॅट बार्करची 'अनदर वर्ल्ड', १९९८. बार्करला लोक ओळखतात रीजनरेशन त्रयीसाठी, तिच्या तिसऱ्या भागाला १९९५ चा बुकर मिळाला, पण माझ्या कामाची ही. बार्कर स्वतः आजीआजोबांकडे वाढलेली, आणि त्या आजोबांच्या अंगावर पहिल्या महायुद्धातल्या संगिनीच्या जखमेचा वण होता, तो तिने लहानपणी बघितलेला. कादंबरीतला जॉर्डी एकशे एक वर्षांचा आहे, न्यूकॅसलला, कॅन्सरने मरायला टेकलाय, पण त्याला वाटतंय की आपण मरतोय ते त्या जुन्या संगिनीच्या जखमेने. नातू निक त्याची सेवा करतोय. जॉर्डीने निकला आधी एकदा थिएपव्हालला नेलेलं असतं. तीच कमान, तीच नावं. पण इथे नातवाला आश्चर्याचा धक्का वगैरे बसत नाही, तो अवघडून उभा राहतो, आणि त्याला वाटतं की हा म्हातारा स्वतःच्या आठवणीचं माझ्यावर कलम बांधायला बघतोय. कलमाची ही कल्पना बार्करचीच आहे, माझी नाही. मला फार चपखल वाटते, कारण कलम धरेलच असं नाही, आणि धरलं तरी खोड दुसऱ्याचंच राहतं.

या कादंबरीत माझ्यासारखीच एक बाई आहे. हेलन, युनिव्हर्सिटीतली इतिहासकार, तिने जॉर्डीच्या मुलाखती टेप केल्यात आणि पुस्तक लिहिलंय. तिची थिअरी अशी की म्हाताऱ्या सैनिकांच्या आठवणी समाजात त्या युद्धाबद्दल जे बोललं जातं त्याप्रमाणे बदलत जातात. ही थिअरी हवेतली नाही. अॅलिस्टर थॉमसनने पहिल्या महायुद्धातल्या ऑस्ट्रेलियन सैनिकांवर असंच काम केलं, १९९४ मध्ये पुस्तक आलं, आणि त्यात नोंद आहे की काही म्हातारे त्याच युद्धावरच्या १९८१ च्या 'गॅलिपोली' सिनेमातले प्रसंग आपल्यावरच गुदरले असं समजून सांगायचे. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसले होते, मग वाटलं हसण्यासारखं काही नाही, माणूस साठ-पासष्ट वर्षं एकच गोष्ट मनात धरून बसला तर बाहेरचं आत येणारच.

पण बार्करचा जॉर्डी हेलनच्या थिअरीत बसायला तयार नाही. त्याची आठवण अजिबात बदलत नाही, तीच ती रात्र, तोच भाऊ हॅरी, तीच किंकाळी. निक नंतर टेप ऐकतो तेव्हा कळतं की जखमी होऊन ओरडणाऱ्या भावाला जॉर्डीनेच मारलं होतं, आणि दया म्हणून मारलं की त्याच्यावरच्या रागाने, याचं उत्तर त्याच्या स्वतःकडेही नाही. मरताना तो म्हणतो, मी नरकात आहे. होतो असं म्हणत नाही, आहे म्हणतो.

निककडे काय उरतं मग? टेप. तीही त्याला मिळते एका संशोधक बाईकडून, घरातून नाही. आजोबा त्याच्याशी जे बोलले नाहीत ते परक्या बाईच्या मशीनशी बोलले.

हे लक्षात आलं आणि दोन्ही कादंबऱ्या माझ्यासाठी एकत्र आल्या. बघा ना, एलिझाबेथला वही मिळते पण वाचून दाखवतो बॉब, ज्याचा त्या घराशी संबंध नाही. निकला टेप मिळते हेलनकडून. थिएपव्हालला खुलासा करतो कोणीतरी अनोळखी माणूस. दोन्हीकडे घरातली माणसं गप्प आहेत आणि मधे एक बाहेरचा आहे, दुभाषी म्हणा, कारकून म्हणा. म्हणजे यांना वारसा म्हणायचं तर तो रक्तातून आलेला नाही, कागदातून आलाय, आणि कागद वाचणारा तिसराच. पोस्टमेमरी आहे का नाही हा प्रश्नच मी मग चॅप्टरमधून काढला आणि त्या जागी विचारलं की आठवण कशावर लिहून आली आणि ती कोणी वाचून दाखवली. गाइडला हे लगेच पटलं नाही, त्यांना वाटलं मी हर्शला टाळतेय. पण दोन्ही कादंबऱ्यांमधले ते प्रसंग शेजारीशेजारी ठेवल्यावर विरोध मावळला.

आणि मग एलिझाबेथचं अज्ञान का पटत नाही तेही उलगडतं. ती १९७८ ची बाई म्हणून पटत नाही, पण ती मुळात १९९३ च्या वाचकासाठी केलेली आहे. फॉक्स १९८८ मध्ये, शस्त्रसंधीला सत्तर वर्षं झाली तेव्हा, पत्रकार म्हणून म्हाताऱ्या सैनिकांबरोबर फ्रान्सला गेला होता. त्या वेळी थोडेफार उरले होते. हॅरी पॅच, खंदकात लढलेला शेवटचा ब्रिटिश सैनिक, २५ जुलै २००९ ला गेला, वय १११. म्हणजे १९९३ च्या वाचकाला माहिती भरपूर होती पण विचारायला माणसं संपत आलेली होती, आणि फॉक्सने ती घाई एका पात्राच्या तोंडी घातली, काळ मात्र पंधरा वर्षं मागचा दिला. तिने मला कुणी सांगितलंच नाही म्हणणं तिच्या काळाला शोभत नाही, वाचकाच्या काळाला शोभतं. कादंबरी म्हणून हा दोष आहेच, मी तो झाकत नाहीये, पण संशोधनाला असले दोष फार उपयोगी पडतात.

सीरियलवाल्यांनी नात का कापली हेही मग सोपं होतं. तीन तासांत दोन काळ बसवणं अवघड हे आहेच. पण २०१२ पर्यंत विचारायला खंदकात लढलेलं कोणीच उरलं नव्हतं, ब्रेननला कुठून आणणार? आणि कॅमेरा थेट खंदकात जाऊ शकत असेल तर मधली बाई कशाला लागते, प्रेक्षकच नात होतो. इथे माझं मत सीरियलच्या विरोधात आहे. नात गेली की जॉनही गेला, दिलेला शब्द साठ वर्षांनी पाळला जातो तो भागही गेला, आणि उरली एक दुःखी प्रेमकथा जिच्यात मधूनमधून तोफा वाजतात.

एका सेमिनारमध्ये हे मांडलं तेव्हा मागून प्रश्न आला, की मॅडम तुम्ही पुण्याच्या, तुमच्याकडचे गेले नव्हते का त्या युद्धात. गेले होते की. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, मराठा पलटणी होत्या, तिथल्या कूत शहराच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी अडकल्या, २९ एप्रिल १९१६ ला कूत पडलं, तेरा हजारांच्या आसपास माणसं तुर्कांच्या कैदेत गेली, त्यातली बरीच परत आली नाहीत. साताऱ्याकडच्या गावांमध्ये यांची घरं आहेत अजून.

मग कमानीचा प्रसंग तिथे लिहून बघा. लिहिताच येत नाही. मेसोपोटेमियातल्या मृतांचं स्मारक बसऱ्याला, १९२९ चं. त्यावर ब्रिटिश सैनिकांची नावं आहेत, भारतीय अधिकाऱ्यांची आहेत, पण साध्या भारतीय शिपायांची नाहीत, त्यांचा पलटणीखाली नुसता आकडा. फ्रान्समध्ये न्यूव शापेलला जे भारतीय स्मारक आहे तिथे शिपायांची नावं आहेत, म्हणजे नावं माहीत नव्हती किंवा दगड पुरला नाही अशातला भाग नाही. ही स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने स्वतःच २०२१ च्या एप्रिलमध्ये अहवाल काढून मान्य केलं, की पहिल्या महायुद्धातल्या किमान एक लाख सोळा हजार मृतांचं, आणि कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, नावाने किंवा अजिबातच स्मरण केलं गेलं नाही, आणि हे मुख्यतः पूर्व आफ्रिकन आणि इजिप्शियन लोक. त्यातून बसऱ्याचं स्मारकही मूळ जागी नाही, १९९७ मध्ये सद्दामच्या हुकमाने ते उचलून नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात नेलं, जिथे पहिल्या आखाती युद्धात लढाई झाली होती. एलिझाबेथसारखी कोणी शिंदे किंवा कदम आडनावाची नात तिथे गेली तरी दगडावर तिला काय सापडणार? आकडा. वही तर नाहीच, आणि शिपायांनी घरी लिहिलेली पत्रं बघायची तर फ्रान्समधल्यांचे सेन्सॉरने केलेले इंग्रजी उतारे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतले वाचा. इथेही मधे बाहेरचाच माणूस, फक्त हा बॉबसारखा प्रेमाने वाचणारा नाही, लष्कराचा आहे.

प्रश्न विचारणाऱ्याला मी एवढं सगळं सांगितलं नाही, वेळ संपली होती. पण चॅप्टरला त्यामुळे एक शेपूट लागलं. कमिला शम्सीची २०१४ ची 'अ गॉड इन एव्हरी स्टोन' मी मूळ आराखड्यात घेतलीच नव्हती, ती आता घेतलीय. त्यात कय्यूम गुल, ४० व्या पठाण पलटणीतला, बेल्जियममधल्या ईप्रच्या लढाईत डोळा गमावतो, इंग्लंडमधल्या ब्रायटनच्या राजवाड्यात उघडलेल्या हॉस्पिटलमध्ये राहतो आणि पेशावरला परत येतो. कादंबरी तिथून थेट १९३० मध्ये पेशावरच्या किस्साख्वानी बाजारात ब्रिटिश फौजेने केलेल्या गोळीबारापर्यंत जाते. गंमत म्हणजे यात माळ्यावरच्या वह्या नाहीत आणि शोधत निघालेली नातही नाही, जमिनीखालचं जुनं उकरून काढणारी एक इंग्रज पुरातत्त्वज्ञ बाई तेवढी आहे. शम्सीला हे युद्ध कागदांतूनच मिळालं असणार, आणि त्यात तिने काय भरलं, काय सोडलं हे बघायचंय. गाइड म्हणतायत थिसिस वाढतोय, दोनच कादंबऱ्यांवर थांब. मी अजून थांबलेली नाही, त्यांना पुढच्या आठवड्यात पानं द्यायची आहेत आणि कूतचा भाग मुख्य मजकुरात ठेवायचा की तळटीपेत ढकलायचा यावर आमचं भांडण बाकी आहे.